मडगार्डची कड

आमच्याकडे एक लाल, बुटकी, दोनच माणसं बसतील अशी शर्यतीची गाडी होती, आणि तिच्यावर माझ्या मोठेबाबांचा भारी राग होता. मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. घरात त्यांचा शब्द शेवटचा. बाबांनी ती गाडी सावनेरकडच्या खाणीतल्या एका साहेबाकडून घेतली होती, तो विलायतेला परत जायला निघाला तेव्हा. नागपुरात तिचा उपयोग काय? काही नाही. बाबांना आवडली, बस्स. दर रविवारी ते मऊ फडक्यानं तिची मडगार्डं पुसायचे. आम्हाला हात लावायची बंदी होती, पण चालवायला त्यांनी मलाच शिकवलं.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांचा डावा पाय गेला. त्याच वर्षी गाडीचे टायरही गेले. त्या मापाचे अरुंद टायर बाहेरून यायचे, आणि बाहेरचा माल येणं तेव्हा बंद झालं होतं. गाडी विटांवर चढली, बाबा खाटेवर. दोन वर्षं दोघंही अंगणाच्या पलीकडे गेले नाहीत.

एक दिवस मोठेबाबांनी गिऱ्हाईक ठरवलं. "रविवारी संध्याकाळी व्यापारी येते गाडी न्याले," ते म्हणाले. "उभी गाडी अन् बिनलग्नाची पोट्टी, दोन्ही घराले शोभत नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तेव्हा शाळेत गणित शिकवत होते, कुणाच्या जिवावर बसले नव्हते. "उभी कशाला? चालवून दाखवली तर?"

"कळमेश्वरच्या बागेत जाऊन दिवस मावळायच्या आत परत ये. मंग म्या एक शब्द बोलणार नाही." असं म्हणून ते हसले. बाबा हसले नाहीत. संत्र्याची ती बाग त्यांनी स्वतः लावलेली, आणि तिथं नेतं का कोणी, हे त्यांनी दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. मला त्यांना तिथं न्यायचं होतं. गाडी गेली असती तर ते पुन्हा कुठंच गेले नसते.

सगळ्या गावात मिळाले ते टॅक्सीचे टायर. व्यास तोच, पण रुंद. टायरवाल्यानं आमच्या रिमवर बोटं ठेवून मोजलं.

"ताई, रिम चार बोटं, टायर सहा बोटं. पोट काढन तो. मडगाडले घासन."

"मग टॅक्सीची रिमच द्या."

"भोकं नाही जुळत ना तुमच्या गाडीले."

"तर मग हेच बसवा."

"पण ताई, मी काय म्हणून राहिलो—"

"बसवा म्हणते ना!"

बसवले बिचाऱ्यानं. आखूड पट्ट्यावरून ढेरी यावी तसे ते टायर रिमच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आले. त्यानं चाक हातानं फिरवलं, मडगार्डच्या कडेखाली बोट घातलं. "एका बोटाची जागा हाय. गाडीत वजन नका टाकू." आम्ही दोघंच आहोत, मी म्हटलं.

रविवारी सकाळी शेजाऱ्यांनी बाबांना उचलून डाव्या सीटवर बसवलं. छप्पर नसलेली गाडी, चालवणारी मी, डोक्यावर पदर नाही, शेजारी स्वेटर घातलेले बाबा. वस्तीतली सगळी दारं उघडली. पाहा म्हटलं, डोळे भरून पाहा! गाडी वळणावर जरा डोलायची, पण घासली नाही. बाबा फक्त रस्ता पाहत होते.

बागेत राखणदार त्यांच्या पायाशी बसून रडला. मग त्यानं त्यांना खांद्याला धरून एकेका झाडाशी नेलं. अंबिया बहाराची संत्री तोडणीला आलेली. बाबा फळाला हात लावत, खाली वाकलेली फांदी उचलून पाहत. निघताना बघते तर सीटमागं संत्र्यांची दोन पोती!

"एवढं नको गा," मी म्हटलं. "टायर घासतील."

"मालकाले रिकाम्या हातानं धाडू? म्या काय मेलो का?"

आमच्याकडं बागेतून कोणी रिकामं गेलं तर राखणदाराचं नाक कापलं जातं. मी गणिताची बाई, टायरवाल्याचं बोट मला आठवत होतं, तरी मुकाट्यानं गाडी सुरू केली. चूक माझीच.

पहिल्याच खड्ड्यात खर्रर्र झालं. दुसऱ्यात जळक्या रबराचा वास. तिसऱ्यानंतर डावीकडून धूर दिसला आणि मी थांबले. बाबांच्या बाजूच्या मागच्या टायरच्या बाहेरच्या कडेचं रबर सोलून निघालं होतं. ऊन उतरत चाललं होतं. मी पोत्याला हात घातला.

"हात नको लावू," बाबा म्हणाले.

"बाबा, वजन कमी केल्याशिवाय गाडी घरी पोचत नाही."

"ती झाडं म्या लावली वं. दोन वर्षांनी ही फळं हाताले लागली. रस्त्यावर टाकाची नाही."

"मग करू काय?"

ते मडगार्डकडं बघत राहिले. "जॅक लाव. चाक काढ. टॉमी घे, अन् कड आत ठोक."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. ज्या मडगार्डला फडकं लावायचीही आम्हाला परवानगी नव्हती! चाक काढलं, पान्ह्याची लोखंडी टॉमी हातात घेतली आणि भीत भीत एक ठोका दिला.

"पापड लाटून राहिली काय? जोरानं मार!"

मारलं. लाल रंगाचे टवके उडाले. मला रडू येत होतं आणि हात थांबत नव्हता. कड आत वळली, दोन बोटं जागा झाली. चाक चढवलं आणि निघालो, एकदाही घासलं नाही.

घरी पोचलो तेव्हा ऊन भिंतीवर होतं. अंगणात व्यापारी आणि मोठेबाबा.

"आलो," मी म्हटलं. "दिवस मावळायचा आहे अजून."

"पोट्टीच्या पैजा मनावर घेत नसतात," मोठेबाबा म्हणाले. "चावी दे."

शब्द दिला होता, बरं का! बाबांदेखत! व्यापारी गाडीभोवती फिरत डाव्या मडगार्डपाशी थबकला. "हे काय होऊन राहिलं?"

"एकच बाजू हाय," मोठेबाबा घाईनं म्हणाले. "इकडून पाहा. आरसा हाय आरसा."

बाबा अजून गाडीतच होते. थोरल्या भावाला त्यांनी जन्मात उलट उत्तर दिलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशीही दिलं नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"बाई, उजवीकडूनही घासन असं वाटते. टॉमी आण."

"आत्ता?" मोठेबाबा ओरडले.

"आत्ताच, दादा."

मी चाक काढायलाही थांबले नाही. तिसऱ्या ठोक्याला व्यापारी फाटकाबाहेर होता. बाबा सीटवर बसून संत्रं सोलत होते.

"जोरानं," ते म्हणाले.