विहिरीवरची धार

आमोसमामा बॉयलरशी बोलायचा. "थांब, देतो पानी," असं म्हणत काचेच्या नळीतली पाण्याची पातळी बघायचा, तेव्हा तान्ह्या पोराला पाजायला निघालाय असं वाटायचं. बेलापूरकडच्या एका डेअरीत दूध तापवायला हा बॉयलर होता, आणि तो पेटवायचं सर्टिफिकेट सगळ्या डेअरीत एकट्या मामाकडं. तेलाच्या गिरणीत भट्टीपुढं अकरा वर्षं उभं राहून मिळवलेलं. चौकटीत घालून त्यानं ते बॉयलरच्या खोलीत टांगलं होतं. पुसायचाही रोज, देवाच्या तसबिरीसारखं.

एकाहत्तर साली बॉयलरला पाणी चढवणारा पंप थकला. नवा कोणता घ्यायचा हे ठरवायला मामानं दोन दिवस बादल्या मोजल्या. मग स्टोअरमधल्या बन्सीला बोलावलं. बन्सी टेंपरवारी होता, पण हुशार. दुपारी दोघं एकाच डब्यात जेवायचे.

"तासाला शंभर गॅलन पितो हा," मामा म्हणाला. "दोनशे देनारा पंप बास झाला. पन खरी गोम दाबात हाय. आत वाफ शंभर पौंडानं ढकलतीय. तिला मागं सारून पानी घुसवायचं. आपल्या चर्चचा मनोरा किती असंल?"

"असंल तीस फूट."

"तसले आठ एकावर एक रच. तेवढं उंच पानी चढलं पायजे. वर पायपाचं, वाल्वचं धर. पावनेतीनशे फूट लिही."

बन्सीनं लिहिलं, खाली मामानं सही केली. कागद चेअरमन रंगनाथरावांकडं पोचवायचं काम बन्सीचं.

रंगनाथराव आणि डायरेक्टर सगळे बागायतदार. पंप पारखायची त्यांची रीत एकच. विहिरीवर लावायचा आणि थारोळ्यात पडणारी धार बघायची. मामा त्याची लेक सारा हिच्या बाळाच्या बाप्तिस्म्याला नेवाशाला गेला, तेवढ्यात पंप आलासुद्धा. चेअरमनच्या मळ्यात त्याची परीक्षा झाली. मांडीएवढी धार पडली, उसाचा पाट भरून वाहिला, सगळे खूश. डेअरीत बसवून त्याला वरपासून खालपर्यंत हिरवा रंग दिला, नारळ फोडला.

मामा परतला तो पंपाभोवती दोन फेऱ्या मारून थांबला. माहिती कोरलेली पितळी पट्टीसुद्धा रंगाखाली गेली होती. त्यानं खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला.

"पोट लई मोठं दिसतंय रं याचं. खरडून बघतो."

"तुमच्या कागदापरमानंच आनलाय, मामा."

"तरी बी."

"एका डब्यात जेवतो आपन. माझ्यावर भरवसा न्हाई व्हय?"

मामा ओशाळला. स्क्रू ड्रायव्हर परत खिशात गेला.

सकाळी भट्टी पेटली. थंड बॉयलर पंपानं बघता बघता भरला. पण वाफ तीस पौंडांच्या वर गेली तसा पंप नुसताच घोंगावू लागला, आत थेंब जाईना. हवा अडकली असेल म्हणून मामानं दोनदा हवा सोडून बघितली. काचेतलं पाणी उतरतच होतं. दोन बोटं उरलं तेव्हा त्यानं सगळ्यांना बाहेर हाकललं आणि पेटता कोळसा फावड्यानं ओढून फरशीवर टाकला. बॉयलर वाचला, माणसं वाचली. चार हजार लिटर दूध मात्र नासलं.

मग त्यानं पट्टी खरडली. पावणेतीनशेच्या जागी सत्तर फूट.

बैठकीत चेअरमननी विचारलं, पंप कुणी निवडला. मामानं शांतपणे कागदाचं सांगितलं आणि बन्सीकडं बघितलं.

बन्सी टेबलाच्या कडेवर नख घासत होता. "कागदबिगद काय दिला न्हाई. तोंडीच म्हनले हुते, मोठा पंप आना."

मामा थांबला. हा आता हसेल, खिशातून कागद काढेल, असं त्याला खरंच वाटत होतं. बन्सीनं मान वर केली नाही. चूक माझी, असं लिहून दे, कामावर राहा, असं मामाला सांगण्यात आलं. त्यानं भिंतीवरचं सर्टिफिकेट काढलं आणि घरी आला. बन्सी त्याच महिन्यात कायम झाला.

मामी, हन्ना, एवढंच म्हणाली, "रोज संगं जेवत हुता. कवा कळलं न्हाई?"



तीन आठवड्यांनी बन्सी सायकल धरून दारात उभा. मामीनं अंगणातली बाज आत नेली.

"मामा, दुसरा पंप मागवायचाय. तेवढे आकडे पुन्यांदा सांगा. नवा मानूस यायचाय भट्टीवर."

ओळखीचा ना पाळखीचा, तो कुणी माणूस उद्या त्या भट्टीपुढं उभा राहणार होता.

"तासाला दोनशे गॅलन. पावनेतीनशे फूट. विहिरीवर लावून पारखायचा न्हाई."

बन्सी खिशात कागद शोधू लागला.

"लिहू नगा, बन्सीराव. तोंडानं म्हना. तीनदा."

बन्सीनं इकडंतिकडं बघितलं. शेजारची केशरबाई सूप हातात धरून तिच्या ओट्यावर उभी होती. खालच्या मानेनं त्यानं शाळेतल्यासारखे आकडे म्हटले. दुसऱ्यांदा चुकला, तेव्हा मामानं पहिल्यापासून म्हणायला लावले.

"केशरबाई, ऐकलं न्हवं?" मामानं विचारलं.

"ऐकलं की."

"ध्यानात ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाला आणि त्यानं दार लोटून घेतलं.