इंजिनावरचा नंबर

तो मलकापूरच्या एका कापूस-जिनिंगच्या मालकाकडे मिस्त्री होता. त्याचं नाव मी विचारलं नाही, आणि पुढे विचारायला तोंड उरलं नाही.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. त्या मालकाकडची शर्यतीची विलायती मोटार मला घ्यायची होती. तशा मोटारी देशात बोटांवर मोजण्याइतक्याच असतील. "इंजिन मूळचंच आहे," असं छातीवर हात ठेवून सांगत मालक चहा सांगायला आत गेला.

मिस्त्रीने बॉनेट उघडलं. लेकराचं तोंड पुसावं तसा त्याने रॉकेलच्या फडक्याने इंजिनावरचा नंबर पुसला. मग माझं बोट धरून आकड्यांवरून फिरवलं. कडा टोचल्या.

"जुना आकडा असा टोचत नाही, साहेब. हे इंजिन दुसऱ्याच गाडीचं हाय. कागदावरचा नंबर त्यावर म्याच ठोकला."

"मग मला कशाला सांगता?"

"तुमी इतक्या हौसेनं पाहून राह्यले, मले राहवलं नाही. फक्त म्या सांगतलं म्हणू नका मालकाले."

मालक परत आला. फसवला जाणार होतो या संतापात मी ओरडलो, "तुमचा मिस्त्रीच सांगतोय, नंबर खोटा आहे!"

मिस्त्रीने फडक्याची घडी घातली, मोटारीवर ठेवली आणि कोणाकडे न बघता फाटकाबाहेर गेला. त्यानंतर मलकापुरात त्याला कोणी कामावर घेतलं नाही, असं कानावर आलं.

मी मात्र फसलो नाही, हे वर्षानुवर्षं लोकांना ऐटीत सांगत आलो. त्या सांगण्यात खोटा नंबर मीच ओळखलेला असतो.