एकोणिसावं कार्ड

फोन आला तेव्हा मी लाल भोपळा चिरत होते. "काकू, बाबा गेले," केतकी म्हणाली. केतकी माझ्या धाकट्या दिरांची मुलगी. आम्ही मराठीत बोलायचं आणि तिने जर्मनमध्ये उत्तर द्यायचं, ही आमच्या घरची तीस वर्षांची रीत. त्या सकाळी ती मराठीत बोलली, तेव्हाच मला कळलं की हा दवाखान्यातला रोजचा फोन नाही. मी फोन ठेवला, उरलेला भोपळा चिरला, फोडणीला टाकला आणि मग खुर्चीवर बसले. चिरलेला भोपळा तसाच टाकून रडल्याने कुणी परत येत नाही. मी अशीच आहे. भाऊजी मला पन्नास वर्षं ओळखत होते, त्यांना राग आला नसता.

त्याला आता दोन महिने झाले. श्रीकांत भाऊजींबद्दल लिही असं केतकीच म्हणाली. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे जसं येईल तसं लिहिते.

आमचे यजमान आणि भाऊजी, दोघे भाऊ पाठोपाठ जर्मनीत झिंडेलफिंगेनला आले आणि गाड्यांच्या कारखान्यात लागले. यजमान रंगखात्यात, भाऊजी साचे बनवायच्या खात्यात. केसाइतका फरक बोटाने ओळखायचे. केतकी नऊ वर्षांची असताना तिची आई आजारपणात गेली. त्यानंतर शाळा सुटली की पोर माझ्याकडे यायची, वरणभात खायची आणि संध्याकाळी भाऊजी तिला न्यायला यायचे. पुन्हा लग्न करा म्हणून मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्यांदा सांगायला गेले तर म्हणाले, "वहिनी, माझं जमलंय." मी खूश झाले. कोण म्हणून विचारलं, तर खिशातून एका जुन्या पिस्तुलाचा फोटो काढून दाखवला.

झालं होतं असं, की एका प्रदर्शनात त्यांनी शंभर वर्षांपूर्वीचं पिस्तूल पाहिलं, शिकवण्यासाठी मधोमध कापलेलं. आत काय काय हलतं ते सगळं दिसत होतं. मला समजावून सांगताना त्यांनी माझं पोळपाट-लाटणं घेतलं, चमचे घेतले, माझ्या शिलाई मशीनचं स्प्रिंग घेतलं. "हे बघा वहिनी, गोळी सुटली की मागे धक्का बसतो. इतकी वर्षं तो धक्का नुसता हाताला बसून वाया जायचा. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, यालाच कामाला लावू. त्याच धक्क्याने रिकामी पुंगळी बाहेर, त्याच धक्क्याने नवी गोळी आत. कसलं डोकं असेल!" मी म्हटलं, "शेवटी माणूसच मारायचा ना त्याने?" ते म्हणाले, "हो." आणि माझं स्प्रिंग परत जागेवर बसवून दिलं. त्यांचं हेच होतं. वाद घालत नसत. घातला असता तर बरं झालं असतं, असं मला नंतर वाटायचं.

संग्राहकाचा परवाना मिळवायला त्यांना बराच काळ लागला. माणूस धड आहे का, कायदा पाठ आहे का, कशाचा संग्रह करणार ते नेमकं ठरलंय का, कपाट पोलादी आहे का, सगळं विचारलं. माझं लग्न ठरवताना यातलं निम्मंही कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी विषय ठरवला: स्वतःच गोळी भरणाऱ्या पिस्तुलांची पहिली चाळीस वर्षं. त्यापुढचं त्यांना फुकट दिलं तरी नको असे. गोळ्या घरात नाहीत, चालवणं तर नाहीच. महिन्याच्या पहिल्या रविवारी एका खानावळीच्या मागच्या खोलीत हे सगळे संग्राहक जमायचे. निवृत्त पोस्टमन, दाताचे डॉक्टर, एक बेकरीवाले. मी एकदा बरोबर गेले होते. दोन तास सगळे एका स्क्रूवर बोलत होते. केक मात्र चांगला होता.

त्या लोकांचा सगळा जीव नंबरांत असतो. जुन्या पिस्तुलाच्या प्रत्येक बारीक भागावर त्याचा नंबर ठोकलेला असतो. सगळे भाग मूळचे असतील तर सगळीकडे नंबर एकच. एखादा भाग बदललेला असला की नंबर फसवणूक सांगून टाकतो. आपण पत्रिका जुळवतो तसे हे भिंग घेऊन बसायचे, आणि छत्तीस गुण जुळले की भाऊजींचा चेहरा बघावा!

खंडेनवमीला आम्ही भांडायचो. माझ्या मशीनला हळदकुंकू लावलं की ते म्हणायचे, "वहिनी, आज शस्त्रांचीही पूजा असते." मी म्हणायचे, "तलवार घेऊन कुणी लढायला निघालं असेल तर असते. तुमच्या कपाटाला माझं कुंकू लागणार नाही." मग ते गुपचूप आपली मापं घ्यायची पट्टी आणि कानस पाटावर आणून ठेवायचे. त्यांना मी कुंकू लावायचे. दर वर्षी हेच.

केतकीचं भांडण मात्र गमतीचं नव्हतं. ती डार्मश्टाटला शाळेत गणित शिकवते. एकदा कुठल्या तरी शाळेत गोळीबार झाल्याची बातमी आली होती, त्यानंतरच्या रविवारी ती घरी आली. जेवताना म्हणाली, "बाबा, आम्ही मुलांना वर्गाचं दार आतून कसं बंद करायचं ते शिकवतो. फळ्याजवळ बसायचं, आवाज करायचा नाही. आणि तुम्ही पिस्तुलांना मऊ फडक्याने पुसता." भाऊजी म्हणाले, "तुझं बरोबर आहे." "मग?" "मग काही नाही." ती ताट सोडून उठली. तिला चूक म्हटलं असतं तर ती भांडली असती आणि विसरली असती. बरोबर म्हणून काहीच न करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? त्यानंतर ती घरी येत राहिली, पण पिस्तुलांच्या खोलीत तिने पाय ठेवला नाही. अकरा वर्षं.

शेवटच्या आठवड्यात मी दवाखान्यात गेले होते. भाऊजींचा आवाज बारीक झाला होता, पण डोकं ठिकाणावर होतं. म्हणाले, "वहिनी, केतकी सगळी मोडीत देईल."

"देईल. तिची मर्जी."

"तिला अडवू नका. फक्त देण्याआधी तिला कार्डं वाचायला सांगा."

प्रत्येक पिस्तुलामागे एक, अशी एकोणीस कार्डं त्यांनी लिहिली होती, तीही मराठीत. मी म्हटलं, "ती कशी वाचेल? तिला क लिहिता येत नाही. तुम्ही जर्मनमध्ये का नाही लिहिलीत?"

"जर्मनमध्ये लिहिलं की योखेन चुका काढतो." योखेन म्हणजे तो निवृत्त पोस्टमन, त्यांचा पंचवीस वर्षांचा मित्र. मग म्हणाले, "तुम्हाला वाचता येतं की..."

भाऊजींचे दिवस झाले, आणि पाठोपाठ ओर्डनुंग्सआम्टचं, म्हणजे परवाने बघणाऱ्या कचेरीचं पत्र आलं. इथला नियम असा, की परवानेवाला माणूस गेला की हत्यारांचं काय करणार ते वारसाने पत्र मिळाल्यापासून महिन्याभरात सांगायचं. परवाना असलेल्या माणसाला द्या, संग्रहालयाला द्या, नाहीतर नष्ट करायला कचेरीत जमा करा. केतकी भाऊजींच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी फॉर्म घेऊन बसली. "नष्ट करणे" या चौकोनात तिने खूण केलेली होती, सही तेवढी राहिली होती.

मी कार्डांची पेटी टेबलावर ठेवली. म्हटलं, "सही कर, मी अडवत नाही. पण आधी ऐक. बाबांनी सांगितलंय."

"आल्झो, हे बघ काकू, मला त्यात काही समजायचं नाहीये."

"मलाही नाही. ऐक."

मी बोट ठेवून वाचायला लागले. भाऊजींचं अक्षर मुंगीएवढं, आणि शब्द मी कधी न ऐकलेले. दोन ओळींना मला भाजी शिजेल एवढा वेळ लागायचा. केतकी घड्याळाकडे बघत होती. पहिली तीन कार्डं मापांचीच होती. चौथं असं होतं: "झडपेचा नंबर वेगळा. कुणीतरी बदलली आहे. विकणाऱ्याने सांगितलं नाही, आणि हातातून जाईल म्हणून मी विचारलं नाही. दोष: माझा हावरेपणा." प्रत्येक कार्डाच्या शेवटी ही दोषाची ओळ होती. कुठे गंज, कुठे खोटा स्क्रू, कुठे ते स्वतः.

नववं कार्ड वाचलं: "एका सैनिकाच्या विधवेकडून. तिने विचारलं, तुम्ही हे चालवणार का? नाही म्हणालो. मग दिलं. नवऱ्याने हे वापरून कुणाला मारलं ते त्याने तिला कधी सांगितलं नाही, पण झोपेत तो ओरडायचा. दोष: हातात घेतलं की मला ते अजूनही सुंदर वाटतं."

केतकी म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं. तिने फॉर्म बाजूला सरकवला. फाडला वगैरे नाही, सरकवला.

अकरावं कार्ड मात्र माझंच निघालं. त्या पिस्तुलाची गोळ्या भरायची लांबट डबी भाऊजी सात वर्षं शोधत होते, त्याच नंबरची, मूळची. मिळाल्यावर त्यांनी ती माझ्याकडच्या टेबलावर वर्तमानपत्रात ठेवली आणि ते फोनवर बोलायला बाहेर गेले. दिवाळीची साफसफाई चालली होती. मला ती डबी काळीकुट्ट दिसली. मी चिंच आणि मीठ घेतलं आणि समईबरोबर तीही घासून काढली. लखलखीत! पोलादावरचा तो काळेपणा म्हणजेच तिचं वय, तेच हे लोक जपतात, हे मला काय माहीत? भाऊजी आत आले, डबी हातात घेतली आणि बसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "वहिनी... फारच स्वच्छ झाली." एवढंच. पुन्हा कधी विषय काढला नाही. कार्डावर लिहिलं होतं: "डबी मूळची, वरचा लेप गेला. चिंच. दोष: मी उघड्यावर ठेवली."

"चिंच कुणी लावली?" केतकीने विचारलं.

"मी."

ती हसायला लागली. बाप गेल्यापासून पहिल्यांदा. "आणि मग तू बाबांना काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? गंज होता म्हटलं."

तिसऱ्या दिवशी तिने योखेनला फोन केला. डोंगरातल्या एका गावात जुन्या यंत्रांचं लहानसं संग्रहालय आहे, ते हा संग्रह घेईल का म्हणून तो आधीपासून चौकशी करत होता. संग्रहालयवाल्यांचं म्हणणं असं पडलं, की संग्रह घेऊ, पण अख्खा, आणि प्रत्येकाच्या पूर्ण माहितीसकट. मुदतीला अडीच आठवडे उरले होते. दर शनिवार-रविवारी केतकी डार्मश्टाटहून यायची. मी वाचायचे, ती ऐकायची आणि जर्मनमध्ये टाइप करायची. एखादा शब्द मला लागला नाही की मी अक्षरं सुटी सुटी वाचून दाखवायचे आणि ती तो ओळखायची. मला वाचता येत होतं, समजत नव्हतं. तिला समजत होतं, वाचता येत नव्हतं. दोघींचं मिळून एक धड माणूस झालं.

अठरा झाली. एकोणिसाव्या कार्डावर नुसता क्रमांक होता आणि "नळीची लांबी" एवढे दोन शब्द. ते पिस्तूल भाऊजींनी आजारी पडण्याच्या थोडंच आधी आणलं होतं. अर्धी माहिती चालणार नव्हती. मग योखेन आला. परवाना त्याच्याकडे, त्यामुळे कपाटातून पिस्तूल त्यानेच बाहेर काढलं, रिकामं आहे ना ते तीनदा पाहिलं आणि फडक्यावर सुटं करून ठेवलं. केतकी त्या खोलीच्या दारात उभी होती. मी म्हटलं, "उभी काय राहिलीस? माझे डोळे अधू झाले आणि योखेनभाऊंचे हात थरथरतात. मापं कोण घेणार?"

ती आत आली. हातमोजे घातले. बापाची मापपट्टी उचलली. एकेक भाग मोजून ती आकडा सांगायची, योखेन भिंगातून नंबर वाचायचा आणि मी कार्डावर लिहायचे. नळी, झडप, खटका, दोन्ही बाजूंच्या मुठी, डबी. सगळीकडे तोच नंबर. योखेनने भिंग खाली ठेवलं. त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, "एकूण एक मूळचं. काहीच दोष नाही."

मी पेन घेऊन बसले होते. दोषाची ओळ रिकामी होती. "मग काय, नाही म्हणून लिहू?"

"नाइन," केतकी जर्मनमध्ये नाही म्हणाली. आणि मग मराठीत, एकेक शब्द शोधत: "लिही काकू. दोष: माणूस मारायला बनवलंय."

मी तिच्याकडे पाहिलं. ती रागात नव्हती. वर्गात फळ्यावर उत्तर सांगावं तसं सांगत होती. योखेनने विचारलं काय म्हणाली, तिने जर्मनमध्ये सांगितलं. त्याने भिंग फडक्यात गुंडाळलं. मग म्हणाला, "गेनाऊ, अगदी बरोबर. पण हे मग एकोणीसही कार्डांवर लिहावं लागेल."

"एकावर पुरे," केतकी म्हणाली. "बाबांनी ते कधी नाकारलं नव्हतं. फक्त लिहायचं राहिलं होतं."

मी लिहिलं. माझं अक्षर मोठं, चौथीतलं, ओळीबाहेर जातं. भाऊजींच्या मुंग्यांच्या रांगेशेजारी माझे बैल. केतकीने चौकोनातली खूण खोडून संग्रहालयाच्या चौकोनात केली आणि सही केली.

मागच्या आठवड्यात सगळा संग्रह गेला. मूळ कार्डंही त्यांनी मागून घेतली. पिस्तुलांशेजारी काचेत ठेवणार आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर केतकी आपल्या वर्गाला तिथे न्यायचं म्हणते. काल फोनवर म्हणाली, "काकू, तुलाही यायचंय. शेवटचं कार्ड मुलांना मोठ्याने वाचून दाखवायचं."

मी म्हटलं, "अगं, जर्मन पोरं ती. त्यांना काय कळणार?"

"तू वाच तर," ती म्हणाली. "कळायचं मी बघते."