एकही शब्द खोटा नाही

इंग्रजीच्या बाई तशा गरीब स्वभावाच्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण एका माणसावरचा राग त्यांनी सत्तावीस वर्षं जपून ठेवला होता, आणि रास्तच होता तो.

तो माणूस म्हणजे याच शाळेतले इंग्रजी व्याकरणाचे सर. बाई नववीत असताना त्यांचे वडील गेले. पंधरा दिवसांनी सरांनी इंग्रजीत निबंध लिहायला सांगितला. त्याच आठवड्यात अतिशयोक्ती शिकवून झाली होती, म्हणून पोरीने लिहिलं, 'मी समुद्र भरेल इतकी रडले.' सरांनी वही सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"समुद्र? बादल्या किती झाल्या, मोजल्यास का?"

वर्ग खो खो हसला. सरांची खोडच ती. फळ्यावर अलंकार शिकवायचा आणि वहीत दिसला की लाल रेघ मारून 'खोटे' लिहायचं. पोरीचं नाव 'बादली' पडलं, ते दहावी होईपर्यंत टिकलं. पुढे तिने कुणासमोर डोळ्यांतून टिपूस काढलं नाही.

आता सर निवृत्त होत होते. निरोप समारंभाचं मानपत्र इंग्रजीत हवं, म्हणजे काम बाईंच्याच गळ्यात. सर स्वतः खुर्ची ओढून समोर बसले.

"माझ्या हाताखाली शिकलीस तू. जरा भरघोस लिही. व्याही येणार आहेत. हात आखडू नकोस."

"लिहिते, सर."

बादलीचं प्रकरण सर साफ विसरले होते. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती यानेच. जरा आठवून ओशाळले असते, तर त्यांनी सरांना हरभऱ्याच्या झाडावर चढवलंही असतं. त्याऐवजी त्या कार्यालयात गेल्या आणि जुनी हजेरीपत्रकं काढून बसल्या.

मसुदा वाचून चित्रकलेच्या बाई चपापल्या. "अहो, हे मानपत्र आहे की दाखला?"

"सरांच्याच शिस्तीत लिहिलंय. एक शब्द खोटा निघाला तर दाखवा."

समारंभात बाईंनी ते खणखणीत आवाजात वाचलं. सर एकतीस वर्षं या शाळेत होते. बावीस दिवस रजेवर होते. रोज दहाला दहा कमी असताना येत. वह्या वेळेवर तपासत. खडू जपून वापरत. एवढं वाचून बाई खाली बसल्या. लोकांना वाटलं, पुढचं पान शोधताहेत. मग अध्यक्षांनी अवघडून टाळी वाजवली, व्याह्यांनी घड्याळात पाहिलं आणि सरांचा चेहरा पार उतरला. बाईंना मनापासून बरं वाटलं. ते लपवायची त्यांनी तसदी घेतली नाही.

चहाच्या वेळी सर हार काढून त्यांच्याजवळ आले. आवाज अगदी बारीक झाला होता.

"एखाद्या तरी मुलाचं आयुष्य घडवलं, एवढं तरी लिहायचंस."

"लिहिणार होते, सर," बाई कप खाली ठेवत म्हणाल्या. "खूप शोधलं. एकही सापडला नाही."