चहाच्या बदल्यात शाळू
परवा पानांच्या चहाची पुडी फोडली आणि त्या वासानं मला थेट जतच्या आमच्या स्वयंपाकघरात नेलं. माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आमचे दाजी, सैन्यात दार्जिलिंगकडं होते. तिथल्या मळ्यात पानं खुडणाऱ्या एका बाईनं दिलेला चहा ते सुट्टीवर येताना घेऊन आले. आईनं गूळ टाकून तो काळाकुट्ट होईपर्यंत उकळला, वर दूध ओतलं. पहिल्याच घोटाला आमची तोंडं वाकडी झाली. "आवं मामी, ह्यो उकळत न्हाईत, नुस्त्या गरम पाण्यात घालत्यात," दाजी आईला हळूच म्हणाले. "आपण शाळूच्या भाकरीवर जगतो, तसा तिकडं आख्खा डोंगर ह्या पानावर जगतोय." आई ओशाळली, पण तिनं कप संपवला. "कडू हाय, पण लय चांगला हाय म्हणून सांगा तिला," म्हणाली आणि दाजी परत निघाले तेव्हा त्यांच्याजवळ पिशवीभर शाळू दिला. पुढच्या सुट्टीत दाजींनी निरोप आणला. त्या बाईनं शाळू भातासारखा शिजवला होता. लय चावावा लागतो, पण लय चांगला आहे, म्हणाली. आई खुदकन हसली. "खाल्ला न्हवं तिनं? मग झालं." आता तो चहा करायची रीत मला येते, तरी नव्या पुडीतला पहिला कप मी आईसारखाच उकळते.