लिफ्टचा प्रश्न

लातुरातलं मुबश्शिराचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान मूळचं तिच्या अब्बांचं, निजामोद्दीन घड्याळवाल्यांचं. भूकंपानंतर किल्लारीकडची माणसं ढिगाऱ्यातून निघालेली घड्याळं घेऊन यायची. अब्बा त्यांना एकच सांगायचे, चावी देऊन बघू नका, आहे तसं आणा. घड्याळं जाऊन कॉम्प्युटर आले तरी लेकीनं तो नियम सोडला नाही. गिऱ्हाइकं मात्र तो पाळतील तर शपथ.

दयानंद सर क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. विंडोजसारखा लिनक्सला व्हायरस लागत नाही, असं कुणीतरी सांगितल्यावर चौदा वर्षांचे प्रश्नसंच त्यांनी लिनक्सच्या डिस्कवर भरले आणि एक दिवस ती डिस्क क्लासच्या विंडोजला लावली. विंडोजला ती वाचता येईना. त्यानं विचारलं, फॉरमॅट करू का? सरांनी 'हो' दाबलं.

"लई अदबीनं विचारलं हो त्यानं," डिस्क मुबश्शिराच्या टेबलावर ठेवत सर म्हणाले.

त्यानंतर डिस्कवर काही टाकलं का, असं मुबश्शिरानं विचारलं. गेलेलं परत आणायचं सॉफ्टवेअर टाकलंय, असं सरांनी मोठ्या हुशारीनं सांगितलं. त्याच डिस्कवर! तिनं कपाळाला हात लावला. फॉरमॅटनं नुसती अनुक्रमणिका जाते, पानं राहतात. नवं काही टाकलं की त्या पानांवर शाई सांडते, असं तिनं समजावलं. रविवारी सहाशे पोरांची टेस्ट होती.

तिनं आधी डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढली आणि नकलेवर शोध लावला. दोन दिवस सर स्टुलावर बसून होते. प्रिंटर घेऊन आलेल्या एका वकिलाला त्यांनी तेवढ्यात गुरुत्वाकर्षण शिकवलं. अखेर फाइली आल्या, अडतीस हजार. पण नावं गेलेली, राहिले नुसते आकडे. दोघं एकेक उघडून बघू लागले.

एका प्रश्नावर मुबश्शिरा थांबली. खाली जाणारी लिफ्ट थांबू लागली, तर आतल्या वजनकाट्यावरचा आकडा वाढेल की घटेल? सरांचं उत्तर होतं, घटेल.

"सर, हे चुकलंय. वाढेल."

"चौदा वर्षं देऊन राहिलो हा प्रश्न. कुणी विचारलं न्हाई."

"मी विचारलं होतं. तुम्ही म्हणला, खाली बस."

सरांना आत्ता ती वर्गातली पोरगी आठवली. मग पावतीच्या पाठीवर त्यांनी गणित मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं.

"वाढतंय की," ते हळूच म्हणाले. "तुझे चार मार्क गेले का गं?"

"हाव."

शाई सांडलेला विजेचा धडा काही निघाला नाही. ते प्रश्न सरांनी हातानं नव्यानं लिहिले. रविवारी टेस्टआधी त्यांनी सहाशे पोरांसमोर लिफ्टची चूक सांगून टाकली. ती बातमी जुन्या विद्यार्थ्यांपर्यंत पोचली आणि आठवडाभर सरांचा फोन वाजत राहिला. किनवटचा एक डॉक्टर तर चार मार्क लेखी मागत होता.