संपत कोळप्यांची हाळी

संपत कोळप्यांनी वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी परीक्षा दिली आणि ते लागोपाठ दोनदा नापास झाले. बरं, परीक्षा अवघड होती म्हणावं तर तसंही नाही. लिहायचं नव्हतं, वाचायचं नव्हतं. तोंड बंद ठेवायचं, एवढंच काय ते होतं. आणि नेमकं तेच संपतमामांना जमेना.

झालं होतं ते असं. घोड नदी भीमेला मिळते त्याच्या अलीकडं, शिरूर आणि दौंडच्या मधोमध, नदीकाठची पिवळी माती पावसानं चिरत चिरत नेलीय. दोन-दोन पुरुष खोल घळी, त्यांना फुटलेल्या ओघळी, मधेच एखादा बोडका उंचवटा आणि वर कुसळी गवताचा माळ. नांगर चालत नाही म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्या जागेला कुणी विचारलं नव्हतं. गेल्या साली वनखात्यानं तिथं सफर काढली, आणि पुण्याची माणसं पहाटे उठून, गाड्या काढून ती पडीक जमीन बघायला यायला लागली! वस्तीवरच्या बायांनी आधी पदर तोंडाला लावून हसून घेतलं. मग वाटाडे पाहिजेत म्हटल्यावर दोन दिवसांत सात नावं गेली.

संपतमामांचं नाव पहिलं. त्या रानातली एकेक ओघळ त्यांच्या पायाखालची. चाळीस वर्षं त्यांनी तिथं मेंढरं चारली होती. सहा वर्षांमागं थोरल्या दत्तानं विहिरीवर मोटार बसवली, शेवंती लावली आणि "आबा, आता पुरे झालं उन्हातान्हात," असं म्हणून मेंढरं बाजारात नेऊन विकली. पोरगा काही वाकडं बोलला नव्हता. पण तेव्हापासून मामांची पंचाईत झाली. मेंढरामागं हिंडला तर तो धनगर. मेंढरं नसताना हिंडला तर लोक विचारतात, "काय मामा, काय हरवलं का?" मामांनी दोन-चारदा "व्हय, चप्पल," म्हणून वेळ मारून नेली. पण माणसानं चपला तरी किती हरवायच्या? तेव्हा मामांना वाटाड्याचं कार्ड पाहिजे होतं ते एवढ्यासाठीच. गळ्यात कार्ड असलं की रानात कशाला चाललास म्हणून कुणी विचारत नाही. घरात बसून बसून त्यांचा जीव नुसता आंबून गेला होता.

वनरक्षक महेंद्र हा तसा भला पोरगा, पण नियमाला पक्का. त्यानं कार्ड मामांच्या गळ्यात घातलं आणि बजावलं, "हे कच्चं कार्ड हाय. तीन सफरी करायच्या. पाहुणे शेवटी मिळून एक फॉर्म भरत्यात. तिन्हीतला एक जरी फॉर्म चांगला आला, तर कार्ड पक्कं. न्हाई आला तर माघारी द्यायचं. आन् जनावर दिसल्यावर आवाज करायचा न्हाई. एवढं एक सांभाळा, मामा."

"हात् तिच्या! एवढंच व्हय?" मामा म्हणाले.

पहिल्या सफरीला बँकेतली माणसं होती. लांडगा दिसावा म्हणून बिचारी पहाटेपासून काट्यात बसून होती. आठाच्या सुमाराला समोरच्या कडेवर लांडगा आला, उभा राहिला, आणि मामा काय करतायत हे मामांनाही कळायच्या आत त्यांच्या बेंबीपासून हाळी उठली, "हाऽऽड्! हाऽऽड्! आला रंऽऽ आला!" लांडगा तर पळालाच, पण पाहुणेही पळाले. एकाचा बूट अजून घळीत आहे म्हणतात.

आता यात मामांचा काय दोष? धनगराच्या पोराला चालायला यायच्या आधी ही हाळी येते. लांडगा दिसला की ओरडायचं. पुढच्या कळपाच्या माणसानं ती ऐकायची, "व्हय गाऽऽ!" म्हणून उलट ओरडायचं आणि पुढं द्यायची. गरम तव्याला हात लागल्यावर विचार करून कोण हात काढतं? दुसऱ्या सफरीला मामांनी दातात उपरणं धरलं होतं. लांडगा दिसल्यावर ते उपरणं चार हात लांब जाऊन बोरीच्या झुडपाला अडकलं.

तिसऱ्या सफरीच्या आदल्या दिवशी मामा जेवले नाहीत. कुशाबाईंनी दोनदा ताट वाढलं आणि दोनदा झाकून ठेवलं.

"अवो, एका लांडग्यापायी उपास का?" कुशाबाई करवादल्या.

"कुशे, कार्ड गेलं तर म्या काय करू गं? शेवंतीत बसून फुलं मोजू?"

हे बोलताना मामा कार्ड मुठीत धरून होते. तसं कुशाबाईंनी चेष्टा सोडली आणि चुलीपुढं बसून खरोखरच विचार केला. "असं करा," त्या म्हणाल्या, "लांडग्याच्या जागी पोचला का पाण्याचा मोठा घोट तोंडात घ्या. गिळायचा न्हाई, थुकायचा न्हाई. तोंड भरल्यालं आसल्यावर वरडताल कसं?"

मामांनी बायकोकडं बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना तिचं इतकं कौतुक कधी वाटलं नव्हतं. मग त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या.

तिसऱ्या सफरीला दोघी जणी आल्या. प्रांजल कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायची. तिला लांडग्याशी काही देणंघेणं नव्हतं, ती आली होती मातीसाठी. दुसरी तिची मैत्रीण शितल. तिच्या गळ्यात दुधाच्या किटलीएवढा कॅमेरा होता आणि लांडग्यासाठी ही तिची चौथी खेप होती. महेंद्र गाडीपाशी थांबला. मंडळी निघाली तसे त्यानं मामांकडं बघून हात जोडले.

घळीत उतरल्या उतरल्या प्रांजलनं भिंतीला हातच लावला. पिवळी माती, मधे वाळूचा पट्टा, परत माती, त्यात पांढऱ्या खड्यांची ओळ. "मामा, हे बघा. ही वाळू आहे ना, तेव्हा नदी इथून वाहत होती. आणि हे चुनखडीचे खडे मातीत हळूहळू धरलेत. वीस-पंचवीस हजार वर्षं तरी झाली असतील."

मामांनी एक खडा उचलून निरखला. "ताई, चाळीस वर्षं हेच खडं मी मेंढरावर भिरकावलं. चुकार मेंढरू माघारी फिरवायला लई बेस."

"पंचवीस हजार वर्षांचा खडा मेंढरावर?"

"मेंढराला कुठं ठावं हाय त्ये!"

प्रांजल खळखळून हसली आणि मामांना हुरूप आला. खोकडाचं बीळ कुठलं आणि घोरपडीचं कुठलं ते त्यांनी दाखवलं. चिंकारा लेंड्या एकाच जागी टाकतो, ती जागा दाखवली. शितलला सांगितलं, "लांडगा म्हंजी धनगराचा धाकटा भाऊ, असं आमची जुनी मानसं म्हनायची. थोरल्यानं मेंढरं वाटून दिली न्हाईत, म्हनून रुसून रानात गेला. आपला वाटा न्यायला येतोय तो."

"मग तुम्ही त्याला हाकलता कशाला? वाटा द्यायचा ना!" शितल म्हणाली.

"आवं ताई, सख्खा भाऊ झाला म्हनून काय झालं? वाटा मागाया आला का मानूस वरडतुयाच की!"

असं हसत-बोलत ते मोठ्या घळीच्या कडेला पोचले. पलीकडच्या कडेखाली लांडग्याची गुहा होती. मधे चांगली दोनशे पावलांची दरी, त्यामुळं इथं बसून बघायला हरकत नव्हती. मामांनी दोघींना करवंदीच्या जाळीआड बसवलं, बाटली काढली आणि गाल टम्म फुगेपर्यंत पाणी भरून घेतलं.

"मामा, या घळी दरवर्षी किती सरकतात?" प्रांजलनं हळूच विचारलं.

मामांनी हाताची चार बोटं दाखवली.

"चार इंच? की चार फूट?"

मामांनी डोळे गरागरा फिरवले. प्रांजल त्यांच्याकडं बघतच राहिली, आणि तेवढ्यात शितलनं तिचा दंड गच्च धरला.

लांडगी बाहेर आली होती. मामांच्या पोटातून हाळी उठली, छातीत आली, गळ्यात आली आणि पाण्यापाशी येऊन अडली. डोळ्यांत पाणी आलं, कान लाल झाले, पण तोंड उघडलं नाही. लांडगीनं अंग झाडलं आणि ऊन खात बसली. तिच्यामागून एक पिल्लू आलं. मग दुसरं, तिसरं, चौथं. एकानं आईचं शेपूट धरलं. दुसरं कडेवरून गडगडत खाली गेलं, उठलं आणि कुणी ढकललं म्हणून मागं बघायला लागलं. लांडगीनं त्याला जाऊन उचललं, परत वर आणून ठेवलं आणि एक चापट दिली. ते लगेच परत गडगडलं.

मामा बघत राहिले. इतकी वर्षं या रानात काढली, शंभरदा लांडगा दिसला असेल, पण त्यांनी त्याचं ढुंगणच तेवढं बघितलेलं होतं! कसं बघणार? दिसला की ओरडायचं आणि ओरडलं की तो पळायचा. त्याला तोंड आहे, तो बसतो, कंटाळतो, पोरांवर वैतागतो, हे आज कळत होतं. मामांना हसू यायला लागलं आणि पाणी सांभाळणं मुश्कील झालं. शितलचा कॅमेरा किचकिच चालला होता. अकरा मिनिटं अशी गेली. कार्ड आता पक्कं होतं.

आणि तेव्हा खालून घुंगरू वाजलं.

मामांनी मान वळवली. घळीच्या तोंडाशी मेंढरं शिरत होती. कळप शेजारच्या वाडीवरच्या हौशीरामचा, आणि स्वतः हौशीराम मागं वळणापलीकडं, दिसतही नव्हता. कळपाच्या पुढं, चांगली तीस पावलं पुढं, एक कोकरू एकटंच उड्या मारत येत होतं. लांडगीचे कान उभे राहिले. पिल्लं गुहेत गेली. ती पोटावर झाली आणि ओघळीतून खाली सरकायला लागली.

शितल श्वास रोखून कॅमेऱ्यात बघत होती. मामांचा हात गळ्यातल्या कार्डावर गेला. एवढं तोंड बंद ठेवलं की झालं. कोकरू कुणाचं? हौशीरामचं. आपलं काय त्यात? लांडगीलाही पोरं आहेत, ती काय हवा खाऊन जगणार? हे सगळं मामांच्या मनात येऊन गेलं. मग कोकरू बँ करून ओरडलं.

मामांनी पाणी सोडलं. ते सगळंच्या सगळं शितलच्या कॅमेऱ्यावर गेलं, आणि मागून हाळी सुटली, "हाऽऽड्! हाऽऽड्! आला रंऽऽ! हौशाऽऽ, आला रंऽऽ आला!"

लांडगी जागच्या जागी वळली आणि वर पळाली. कोकरू कळपात घुसलं. आणि मग वळणापलीकडून आवाज आला, "व्हय गाऽऽ!"

मामांनी वळणाकडं बघितलं. सहा वर्षांत त्यांच्या हाळीला उलट आवाज आला नव्हता. त्यांना रडू फुटलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

शितल मात्र संतापली होती. "मामा, हे काय केलंत? लांडगीच्या शिकारीचा फोटो मिळाला असता मला!" ती ओढणीनं काच पुसत होती. प्रांजल तिला काही सांगायला गेली, तर ती आणखीच चिडली. गाडीपाशी आल्यावर महेंद्रनं फॉर्म पुढं केला. मघापेक्षा शांत झालेली शितल लिहायला लागली आणि थांबली. "मामा, तुम्ही माणूस चांगले आहात. रान तर काय दाखवलंत! पण वाटाड्यानं आवाज केला का, असं फॉर्मात विचारलंय, आणि मी खोटं लिहिणार नाही."

"खोटं लिवूच नका, ताई," मामा म्हणाले. "वरडलो मी. आन् फिरून मेंढरू दिसलं तर फिरून वरडंन."

महेंद्रनं फॉर्म दोनदा वाचला. त्यानं मान वर करायच्या आत मामांनीच कार्ड काढून त्याच्या हातात ठेवलं.

घरी कुशाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मग वनखात्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, शितलच्या कॅमेऱ्याचाही केला आणि डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटल्यावर मामा काठी घेऊन निघाले.

"कुठं?" कुशाबाईंनी विचारलं.

"रानात."

"कार्ड तर दिलं की माघारी."

"दिलं."

"मेंढरं न्हाईत."

"न्हाईत."

"मग कशापायी?"

मामा उंबऱ्यात थांबले. "पिल्लं बघाया. चाळीस वर्सांत अकराच मिन्टं बघितलं गं मी. पोट भरलं न्हाई."

कुशाबाई मागं वळल्या. आत गेल्या, कालवणाचा डबा झाकला, भाकरी फडक्यात बांधली. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या पायांत चपला होत्या.

"व्हा फुडं," त्या म्हणाल्या. "त्या मेंढरामागं म्या बी जलमभर चालले. मला बी बघायचंय."